पिवळ्या शिरा, खुजी झाडे आणि मावा : वाचकांचे प्रश्न

या वेळी नाशिक जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत द्विदल पिकांच्या पिवळेपणाची तक्रार वारंवार होती. बरसीम, लसूणघास, हरभरा, घेवडा आणि घासाशेजारचा टोमॅटो हे प्रश्न वरवर वेगळे दिसतात, पण त्यांची गाठ माव्यापाशी पडते. म्हणून ती पत्रे इथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : गाईंसाठी वीस गुंठे बरसीम केली आहे. दुसऱ्या कापणीनंतर फुटलेल्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, काही पानांवर फिकट-गडद चट्टे आले. आधी लोह कमी असेल म्हणून फेरस सल्फेट फवारले. मग मावा दिसला म्हणून आठवड्याच्या अंतराने दोनदा कीटकनाशक मारले. मावा मेला, पिवळेपणा मात्र वाढतोच आहे. औषध बनावट निघाले का? (निफाड)

उत्तर : मावा मेला याचा अर्थ औषधाने आपले काम केले. तुम्ही लिहिलेली लक्षणे विषाणूची आहेत आणि विषाणूवर मारायचे औषध बाजारात नाही. एकदा झाडात शिरलेला विषाणू त्या झाडात शेवटपर्यंत राहतो.

आधी लोहाचा संशय मिटवून टाका. एक पान तोडून उन्हाकडे धरा. लोह कमी असेल तर शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग पिवळा पडतो. शेंड्याकडची कोवळी पाने आधी पिवळी होतात, आणि जमिनीत चुनखडी जास्त असेल तिथे सलग पट्टाच पिवळा दिसतो. तुमच्याकडे नेमके उलट आहे, शिराच पिवळ्या आहेत. शिवाय पिवळी आणि हिरवीगार झाडे एकमेकांना खेटून उभी असतील, तर जमिनीचा दोष धरू नका. एकाच मातीत आणि एकाच पाण्यावर दोन झाडे इतकी वेगळी दिसत नाहीत.

बरसीम म्हणजे इजिप्शियन क्लोव्हर. क्लोव्हरच्या शिरा पिवळ्या पाडणारा एक विषाणू हॉलिंग्ज आणि नरियानी या शास्त्रज्ञांनी 1965 साली पांढऱ्या क्लोव्हरवरून वर्णिला. त्याचे नाव क्लोव्हर यलो व्हेन व्हायरस. बीन यलो मोझॅक व्हायरस हा त्याचा अगदी जवळचा नातेवाईक. दोघेही पोटीव्हायरस गटातले आहेत, दोघेही क्लोव्हर, वाटाणा आणि घेवडा या पिकांवर येतात आणि दोघांनाही मावा वाहून नेतो. नुसते पान पाहून यातला कोणता ते कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही, त्यासाठी प्रयोगशाळा लागते. शेतात करायचे उपाय मात्र दोघांसाठी सारखेच आहेत.

आता फवारणी का वाया गेली ते पाहू. मावा नव्या झाडावर उतरला की लगेच रस प्यायला बसत नाही. आधी सोंड पानाच्या वरच्या पेशींत टोचून चव घेतो, पसंत पडले नाही तर उडून पुढच्या झाडावर जातो. ही चाचपणी काही सेकंदांची असते. या गटातले विषाणू एवढ्याच वेळात सोंडेच्या टोकाला चिकटतात आणि पुढच्या झाडावरच्या पहिल्याच टोचणीत आत उतरतात. कीटकनाशकाने मावा मरायला मिनिटे लागतात, कधी तासही. तोवर विषाणू पोहोचलेला असतो. काही कीटकनाशकांनी मावा मरण्याआधी बिथरतो आणि नेहमीपेक्षा जास्त झाडे टोचत फिरतो, म्हणजे फवारणीनंतर प्रसार वाढूही शकतो. शिवाय विषाणू आणणारा मावा बहुधा तुमच्या पिकावर वस्ती करणारा नसतोच. तो शेजारून उडत आलेला पंखांचा मावा असतो आणि दुपारपर्यंत निघूनही गेलेला असतो.

या विषाणूंची एक बाजू आपल्या सोयीची आहे. सोंडेवर ते फार वेळ टिकत नाहीत, काही तासांत आणि दोन-चार निरोगी टोचण्यांत निघून जातात. मका किंवा ज्वारीच्या आडपिकाचा उपाय यावरच उभा आहे. कडेला तीन-चार दाट ओळी असल्या की मावा आधी तिथे उतरतो आणि टोचतो. मक्याला हा विषाणू लागत नाही, त्यामुळे माव्याची सोंड तिथेच साफ होते. या ओळी मुख्य पिकाच्या किमान पंधरा-वीस दिवस आधी पेराव्या लागतात. दोन्ही एकाच दिवशी पेरले तर गरजेच्या वेळी मका गुडघ्याएवढाही नसतो आणि मावा त्यावरून सरळ आत येतो. आडपीक करूनही उपयोग झाला नाही असे जिथे ऐकू येते, तिथे बहुतेक वेळा पेरणीच्या तारखेतच घोळ झालेला असतो.

सध्याच्या बरसीमवर आता फवारू नका. हा चारा थेट गोठ्यात जातो आणि त्यासोबत कीटकनाशकाचा अंश दुधात. माव्याची गर्दी वाढताना दिसली तर 25-30 दिवसांची वाट न पाहता कापणी चार-पाच दिवस अलीकडे घ्या. कापलेल्या चाऱ्यासोबत पिल्लेही शेताबाहेर जातात. नत्र जास्त देऊ नका, लुसलुशीत फुटव्यावर मावा फोफावतो. बांधावरची आणि शेजारच्या गव्हातली रानमेथी फुलावर येण्याआधी उपटा, कारण बीन यलो मोझॅक तिच्यातही राहतो. हंगाम संपला की प्लॉट तसाच हिरवा ठेवू नका, नांगरून टाका. त्याला लागून घेवडा किंवा वाटाणा करायचा विचार असेल तर यंदा जागा बदला.

पुढच्या वर्षीच्या बियाण्याबद्दल एक सूचना, विषाणूशी तिचा संबंध नसला तरी. बरसीमच्या बियाण्यात कासनी या तणाचे बी मिसळलेले असते. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो मीठ विरघळवून त्यात बी टाका, तरंगणारे काढून फेका, आणि खाली बसलेले बी लगेच दोनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवा. मीठ अंगावर राहिले तर उगवण बिघडते आणि बियाण्याला लावलेले रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करणारे जिवाणूही मरतात.

प्रश्न : हरभऱ्यात मधूनमधून झाडे खुजी राहून लालसर झाली आहेत. मर रोग समजून ट्रायकोडर्माची आळवणी केली, फरक नाही. वाण दिग्विजय आहे. झाडावर मावा कुठेही दिसत नाही. (सिन्नर)

उत्तर : दिग्विजय हा मर रोगाला प्रतिकारक वाण आहे. त्यामुळे त्यात मर दिसते असे वाटले की दुसरी शक्यता आधी तपासावी. खुजेपणा, आखूड पेरी, जाडसर कडक पाने आणि लाली ही हरभऱ्याच्या खुजा रोगाची लक्षणे आहेत. देशी हरभऱ्यात पाने लालसर-तपकिरी होतात, काबुलीत पिवळी.

खात्री ब्लेडने होते. झाड मुळासकट उपटा, माती झटका आणि जमिनीलगतच्या बुंध्यावर वरची साल हलकेच खरवडा. सालीच्या आतला पातळ थर तपकिरी आणि मधले लाकूड पांढरे असेल तर तो खुजा रोग. त्याचे विषाणू अन्नवाहिन्यांत राहतात आणि अन्नवाहिन्या सालीलगत असतात. मग बुंधा उभा चिरा. मधल्या लाकडात काळपट रेघ वर चढलेली दिसली तर ती मर, कारण मरीची बुरशी पाणी नेणाऱ्या नळ्यांत वाढते. चिरताना ब्लेड स्वच्छ असू द्या, आणि झाड पूर्ण वाळण्याआधी तपासा. वाळलेल्या झाडात सगळेच तपकिरी दिसते. एक झाड पाहून निकाल देऊ नका, शेताच्या वेगवेगळ्या भागांतली पाच-सहा झाडे चिरा. एकाच शेतात दोन्ही रोग असू शकतात.

मावा दिसत नाही याचे कारण हरभऱ्याची आंब. पानांवरच्या केसांतून झिरपणाऱ्या या आम्लामुळे माव्याच्या बहुतेक जाती हरभऱ्यावर वस्ती करत नाहीत. पंखांचा मावा उतरतो, थोडा वेळ रस घेतो आणि जातो. खुजा रोगासाठी तेवढे पुरते. भारतात या रोगामागे दोन वेगळे विषाणू आढळले आहेत. एक बीन लीफरोलच्या गटातला, तो माव्यातून येतो. दुसरा चिकपी क्लोरोटिक ड्वार्फ, जो 1993 मध्ये भारतातूनच वर्णिला गेला आणि तो तुडतुड्यांमुळे पसरतो. लक्षणे इतकी सारखी की डोळ्यांनी फरक करता येत नाही.

इथे निफाडच्या पत्राला दिलेल्या उत्तरापेक्षा गोष्ट वेगळी होते. लीफरोलच्या गटातले विषाणू सोंडेच्या टोकावर राहत नाहीत. मावा रोगट झाडाचा रस काही तास पितो, विषाणू पोटातून रक्तात आणि तिथून लाळेत जातो, आणि त्यानंतरच मावा रोग देऊ लागतो. मग मात्र मरेपर्यंत देतो. कात टाकली तरी विषाणू जात नाही, पिल्लांना मात्र तो जन्मतः मिळत नाही. रोग द्यायलाही त्याला बराच वेळ बसून रस प्यावा लागतो. म्हणून या गटावर आंतरप्रवाही कीटकनाशकाची बीजप्रक्रिया उपयोगी पडू शकते, मावा निवांत बसायच्या आतच मरतो. शिरा पिवळ्या पाडणाऱ्या गटावर तेच औषध निरुपयोगी ठरते. ‘मावा आहे, मारा फवारा’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. विषाणू कोणत्या गटातला, हे आधी ठरायला हवे.

बीजप्रक्रिया करणार असाल तर क्रम पाळा : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, बी सुकल्यावर शेवटी रायझोबियम. क्रम उलटला तर जिवाणू मरतात आणि मुळांवर गाठी येत नाहीत. कीटकनाशकाच्या लेबलवर हरभऱ्याचे नाव असेल तरच ते वापरा.

याशिवाय पेरणीत नांग्या राहू देऊ नका. उघडी माती आणि मधूनमधून हिरवी झाडे असे दृश्य उडत्या माव्याला खुणावते. 30 × 10 सें.मी. अंतरावर एकसारखे उगवलेले शेत लवकर झाकले जाते आणि त्यावर मावा कमी उतरतो. यंदाची रोगट झाडे एकरात मोजकी असतील तर उपटून टाका. पीक घाटे भरण्यावर असेल तर त्या खटाटोपात अर्थ नाही, उरलेल्या निरोगी झाडांचे पाणी सांभाळा.

प्रश्न : आमच्या टोमॅटोला लागून चार वर्षांचा लसूणघास आहे. घासाची कापणी झाली की आठ-पंधरा दिवसांत त्या बाजूच्या ओळींत पानांवर पिवळे ठिपके, शेंड्याला जळके चट्टे आणि फळांवर तपकिरी डाग येतात. आतल्या ओळी चांगल्या आहेत. संबंध असू शकतो का? (दिंडोरी)

उत्तर : असू शकतो, आणि तुम्ही तो कापणीशी जोडून पाहिलात हे मोलाचे आहे.

लसूणघासात अल्फाल्फा मोझॅक व्हायरस राहतो. 1931 मध्ये वर्णिलेला हा विषाणू द्विदल पिकांपुरता थांबत नाही. क्लोव्हर, हरभरा, टोमॅटो, बटाटा, मिरची असा त्याचा पसारा आहे. तो घासाच्या बियाण्यातून येतो आणि माव्याच्या सोंडेवरून, म्हणजे चाचपणीच्या पद्धतीने पसरतो. घास बहुवर्षायू असल्याने रोगट झाडांचे प्रमाण दर वर्षी वाढत जाते. गंमत अशी की घासावर लक्षणे अनेकदा पुसट असतात, थंडीत थोडे पिवळे चट्टे दिसतात आणि उन्हाळ्यात तेही लपतात. चार वर्षांचा हिरवागार प्लॉट बाहेरून निरोगी दिसतो आणि आत साठा भरलेला असतो.

कापणीच्या दिवशी घासावरचा मावा बेघर होतो. पंख असलेले उडतात आणि जवळच्या हिरव्या पिकावर, म्हणजे तुमच्या टोमॅटोवर उतरतात. रोग कडेच्या ओळींत आणि आत निरोगी, ही मांडणी अशा प्रसाराशी जुळते. तरीही टोमॅटोत फुलकिडे आणि पांढऱ्या माशीचे विषाणूही सर्रास येतात, आणि शेंडा जळणे व फळांवर डाग ही लक्षणे फुलकिड्यांच्या विषाणूतही दिसतात. त्यामुळे नमुना तपासूनच पक्के करा. पद्धत शेवटच्या उत्तरात दिली आहे.

तोवर कापणीची पद्धत बदला. सगळा घास एका दिवसात आडवा करू नका. प्लॉटचे दोन-तीन पट्टे पाडून आठ-दहा दिवसांच्या अंतराने कापा, म्हणजे हुसकलेला मावा घासाच्याच उभ्या पट्ट्यात थांबतो. टोमॅटोकडचा पट्टा लागवडीच्या आधीच कापून घ्या. लागवडीनंतरचे पहिले चार-पाच आठवडे त्या बाजूची कापणी टाळता आली तर उत्तम, कोवळ्या वयात लागलेला विषाणू सर्वांत जास्त नुकसान करतो. चार वर्षांचा प्लॉट मात्र मोडायलाच हवा. नवा घास त्याच जागी किंवा जुन्याला चिकटून पेरू नका, आणि जुन्या प्लॉटवर धरलेले बी तर मुळीच वापरू नका. आरएल-88 सारख्या वाणाचे प्रमाणित बी हेक्टरी 25 किलोच्या हिशेबाने घ्या. त्यात अमरवेलीचे बी नाही ना, तेही पाहा.

टोमॅटोच्या कडेच्या ओळींवर खनिज तेलाची फवारणी उपयोगी आहे. फळबागेसाठी मिळणारे फवारणीचे तेल लिटरला 10 मिली, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 150 मिली. तेलाचा थर पानावर असला की विषाणू सोंडेला नीट चिकटत नाही. चाचपणीच्या गटावर चालणारी ही मोजक्या फवारण्यांपैकी एक आहे. पण थर पानाच्या खालच्या बाजूलाही बसायला हवा, नवी पाने फुटतात म्हणून आठवड्याने पुन्हा फवारावे लागते, आणि द्रावण सतत ढवळावे लागते, नाहीतर तेल वर येऊन शेवटच्या पंपात पाने करपतात. पाण्याचा ताण बसलेल्या पिकावर किंवा दुपारच्या उन्हात मारू नका. द्राक्षपट्ट्यातल्या वाचकांनी आणखी एक काळजी घ्यावी : भुरीसाठी गंधक वापरलेल्या पिकावर दोन आठवडे तेल मारू नये, आणि गंधकाचा पंप धुतल्याशिवाय तेलाला वापरू नये. गंधक आणि तेल एकत्र आले की पाने जळतात.

प्रश्न : घेवड्याचे घरचे बी ठेवतो. दर वर्षी दुसऱ्या-तिसऱ्या पानापासूनच काही रोपे सुरकुतलेली निघतात. थायरम चोळून पेरले तरी तेच. (चांदवड)

उत्तर : थायरम बुरशीनाशक आहे आणि ते बियाण्याच्या वरच राहते. घेवड्यातला बीन कॉमन मोझॅक हा विषाणू बियाण्याच्या आत, गर्भात असतो. त्याला कोणतीही बीजप्रक्रिया पोहोचत नाही. चवळीच्या बियाण्यातूनही याच तऱ्हेचे विषाणू येतात.

शेकडा एक बी रोगट असेल तर किती बिघडते ते पाहा. 45 × 15 सें.मी. अंतरावर एकरात सुमारे 60 हजार झाडे बसतात. त्यातली 600 पहिल्या दिवसापासून रोगट, आणि तीही शेतभर विखुरलेली. माव्याला विषाणू बाहेरून आणायची गरजच राहत नाही. आडपीकही इथे फारसे कामाला येत नाही, कारण साठा आडपिकाच्या आत आहे.

पेरणीआधी महिनाभर बी तपासा. दोनशे बिया कुंड्यांत किंवा ट्रेमध्ये पेरा, वर बारीक कीडरोधक जाळी घट्ट बांधा आणि तीन तिपाने येईपर्यंत पाहा. जाळीत मावा येऊ शकत नाही, म्हणून जी रोपे चट्टेदार किंवा खाली मुडपलेल्या पानांची निघतील तो रोग बियाण्यातूनच आलेला. दोनशेत दोन रोपे जरी अशी निघाली तरी ते बी पेरायचे सोडा, खायला वापरा. शेतातही पहिल्या पंधरा दिवसांत दर तीन दिवसांनी फिरून रोगट रोपे उपटा, सकाळच्या तिरप्या उन्हात ती लवकर ओळखू येतात. उपटलेली रोपे बांधावर टाकू नका. वाळत्या रोपावरचा मावा उठून पुन्हा पिकातच येतो. पिशवीत भरून बाहेर न्या आणि पुरा. पुढच्या बियाण्यासाठी शेताच्या मधला स्वच्छ तुकडा आधीच खुणेने राखून ठेवा. सगळ्या शेंगा एकत्र मळून त्यातून टपोरे दाणे निवडण्याची पद्धत इथे फसते, रोगट दाणाही टपोरा असू शकतो.

घेवड्याशेजारी ग्लॅडिओलस लावणाऱ्यांनीही लक्ष द्यावे. बीन यलो मोझॅक ग्लॅडिओलसच्या कंदात वर्षानुवर्षे राहतो. पाकळ्यांवर रंगाचे तुटक फराटे असलेल्या झाडांचे कंद पुढच्या लागवडीला ठेवू नयेत.

प्रश्न : केवडा पडलेला किंवा मावा लागलेला घास जनावरांना दिला तर चालतो का? आमची एक गाय उलटत आहे, रेतन करूनही गाभण राहत नाही, त्याचे कारण हेच असेल का? (सटाणा)

उत्तर : वनस्पतींचे हे विषाणू जनावरांना लागत नाहीत, आणि दुधातून माणसालाही काही होत नाही. मावा मात्र दुर्लक्षण्यासारखा नाही. मावा आणि पानांचे रोग वाढले की लसूणघासात आणि क्लोव्हरवर्गीय चाऱ्यात कौमेस्ट्रॉल नावाचा घटक वाढतो. तो मादीच्या संप्रेरकासारखे काम करतो आणि जास्त प्रमाणात, बरेच दिवस पोटात गेला तर माजाचे चक्र बिघडवू शकतो. पण गाय उलटण्याची कारणे पुष्कळ आहेत. खनिजांची कमतरता, गर्भाशयाचा दाह, रेतनाची चुकलेली वेळ हे पशुवैद्यकाकडून आधी तपासून घ्या. तोवर मावा लागलेला घास पूर्ण बंद करण्याऐवजी त्याचे प्रमाण कमी करा आणि मका किंवा कडब्याची कुट्टी वाढवा. चिकट्यावर काजळी धरलेला घास जनावर तसाही टाकते. बरसीम असो की घास, कापल्यावर चार-सहा तास सुकवून, कोरड्या चाऱ्यात मिसळूनच द्या. ओला, कोवळा आणि एकटा दिला तर पोटफुगी होते.

घासावरच्या मावांत एक पिवळट, पाठीवर काळे ठिपके असलेली जात आहे. तिच्या लाळेनेच पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. त्यात विषाणू नसतो आणि मावा गेल्यावर नवा फुटवा हिरवा येतो. म्हणून घासाचा पिवळेपणा पाहून प्लॉट मोडायची घाई नको. आधी कापा आणि पुढच्या फुटव्याची पाने पाहा.

प्रश्न : घेवड्याला मल्चिंग पेपर कोणत्या रंगाचा, आणि पिवळे चिकट सापळे एकरी किती? (येवला)

उत्तर : चंदेरी-काळा घ्या आणि चंदेरी बाजू वर ठेवा. तिच्यावरून परावर्तित होणाऱ्या उजेडाने उडता मावा गोंधळतो आणि कमी उतरतो. पिकाने पेपर झाकला की हा परिणाम संपतो, पण तोवर धोक्याचे दिवस गेलेले असतात. पेपरवर माती उडू देऊ नका. पिवळे सापळे एकरी दहा-बारा पुरेत आणि ते मावा कधी आला हे कळण्यासाठीच. सापळ्यांनी विषाणू थांबत नाही, उलट पिवळा रंग माव्याला बोलावतो, म्हणून ते पिकाच्या मध्ये न लावता कडेला लावा.

प्रश्न : कृषी पदविकेची विद्यार्थिनी आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्लोव्हरच्या खुजा विषाणूबद्दल वाचले. तो वाहणारा मावा आपल्या चवळीवरचाच काळा मावा आहे म्हणे. मग तो आपल्याकडे येईल का? (नाशिक शहर)

उत्तर : मावा तोच, एफिस क्रॅसिव्होरा. चवळी, भुईमूग, वाल, घास या सगळ्यांवर दिसणारा चकचकीत काळा. सबटरेनियन क्लोव्हर स्टंट हा विषाणू ऑस्ट्रेलियातल्या कुरणांतल्या क्लोव्हरवर 1950च्या दशकात नोंदला गेला. रोगट झाडाची पाने कडेने पिवळी-लाल होऊन वाटीसारखी मुडपतात आणि झाड वाढायचे थांबते. त्याची रचना अभ्यासण्यासारखी आहे. बहुतेक वनस्पती-विषाणू आरएनएचे असतात, हा डीएनएचा, आणि तोही एकसंध नाही. सुमारे हजार-हजार अक्षरांच्या अनेक छोट्या वर्तुळांत त्याचा ऐवज विभागलेला आहे आणि प्रत्येक वर्तुळ वेगळ्या आवरणात असते. जळगावच्या केळीबागांना माहीत असलेला पर्णगुच्छाचा विषाणू याच कुळातला, नॅनोव्हिरिडी. दोघेही माव्याच्या शरीरात शिरून दीर्घकाळ राहणारे आहेत.

वाहक इथे हजर आहे, त्यामुळे रोगट झाड आले तर पसरायला अडचण नाही, ही तुमची शंका बरोबर आहे. हा विषाणू बियाण्यातून जात नाही, ही त्यातली जमेची बाजू. जिवंत रोपे आणि कलमे हाच मुख्य धोका. परदेशातून बी किंवा रोप आणण्यावर 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशाची बंधने आहेत ती यासाठीच. पिशवीत लपवून आणलेले एखादे शोभेचे द्विदल रोपसुद्धा पुरेसे आहे, म्हणून हे नियम गांभीर्याने घ्यावेत.

मूग-उडदाचा पिवळा केवडा या यादीत घालू नका. तो पांढऱ्या माशीचा विषाणू आहे, माव्याशी त्याचा संबंध नाही. वर उल्लेख आलेल्या नरियानी यांनीच 1960 साली दिल्लीत मुगावर त्याचे वर्णन केले होते.

प्रश्न : विषाणूच आहे हे पक्के करण्यासाठी नमुना कसा पाठवायचा? शेजारच्या गव्हात तणनाशक मारल्यानंतर आमचा वाटाणा वेडावाकडा झाला, तेही तपासातून कळेल का? (कळवण)

उत्तर : तुमच्या वाटाण्याला बहुधा तपासणीची गरज नाही. गव्हात मारलेल्या टू-फोर-डीचे तुषार वाऱ्याने आले की द्विदल पिकांची पाने अरुंद, पिळवटलेली आणि उभ्या शिरांची होतात, ती विषाणूसारखीच दिसतात. फरक मांडणीत आहे. तुषारांचे नुकसान वाऱ्याच्या बाजूला सर्वांत जास्त आणि आत कमी होत जाणारे असते, एकाच वेळी सगळ्या झाडांवर दिसते, आणि मात्रा कमी असेल तर नंतरची पाने सुधारतात. विषाणूची झाडे विखुरलेली असतात आणि दर आठवड्याला वाढतात. त्याच पंपाने वाटाण्यावर काही फवारले असेल तर तेही कारण असू शकते. टू-फोर-डीचा पंप द्विदल पिकांसाठी वापरूच नये, साध्या पाण्याने धुऊन तो स्वच्छ होत नाही.

नमुन्यासाठी आधी नाशिक किंवा मालेगावच्या कृषी विज्ञान केंद्राशी बोला. ते झाड पाहून दिशा देतील आणि गरज असेल तर नमुना कुठे पाठवायचा ते सांगतील. पुण्यात भारतीय कृषी संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे, तिथे वनस्पती-विषाणूंवर काम चालते. नमुना स्वीकारतात का आणि शुल्क किती, हे फोनवर आधी विचारून घ्या.

लक्षणे नुकती दिसू लागलेली कोवळी पाने घ्या. वाळलेल्या किंवा जळलेल्या पानांत विषाणू सापडणे अवघड असते. पाच वेगवेगळ्या झाडांची पाने पाच वेगळ्या पाकिटांत घाला, आणि त्याच शेतातल्या निरोगी झाडाचे एक पाकीट जरूर जोडा. पाने धुऊ नका, ओल्या फडक्यात गुंडाळू नका, ती वाटेत कुजतात. कोरड्या टिश्यू किंवा वर्तमानपत्राच्या कागदात ठेवून प्लॅस्टिक पिशवीत घाला. पाठवेपर्यंत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. चिठ्ठीवर पीक, वाण, पेरणीची तारीख, लक्षणे प्रथम दिसल्याची तारीख, शेजारची पिके आणि केलेल्या फवारण्या पेन्सिलीने लिहा, शाई ओलाव्याने पसरते. पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी द्या, म्हणजे ते शनिवार-रविवारच्या सुट्टीत अडकणार नाही.